पहिला नंबर

सकाळी कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकावरचा स्क्रीन उजळला तेव्हा त्यावर एकच नाव होतं. नंबर एक, वामनराव. खाली सगळं कोरं. आणि हे वामनराव कोण, तर ज्या पोरीनं ही नंबरांची मशीन बसवली तिचे वडील. आता बोला!

काल संध्याकाळी खिडकीपाशी रांग लावून प्रत्येकानं टॅबवर नाव टाकलं होतं. नंबर मिळाला म्हणून गाड्या कुठंही लागल्या होत्या, कोणाची लिंबाखाली, कोणाची चहाच्या टपरीला टेकून. आज होतील तेवढ्या गाड्या खाली होणार, मग सोमवारपर्यंत जिनिंग बंद. वर आभाळ भरून आलेलं. कापूस भिजला की भाव गेलाच. म्हणून जो तो आधी स्क्रीनकडे पाहत होता आणि मग आत बसलेल्या त्या पोरीकडे, निकिताकडे.

"पोट्टीनं बापाले एक नंबर लावून देल्ला," धनीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आपले नंबर कुठी गेले मंग? उंदरानं खाल्ले?"

निकिता घाईघाईनं एकेक गोष्ट तपासत होती. नावांचा डेटाबेस चालू होता. ज्या कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या वेगळ्या कप्प्यात, तिनं तो बसवला होता, तोही चालू होता. पण आत फक्त बाबांचं नाव. जिनिंगचे मॅनेजर विठ्ठलराव खुर्चीमागे उभे राहून तिच्या बोटांवर नजर ठेवून होते. काल याच माणसानं 'आपल्या गावची पोरगी' म्हणून तिला मिरवलं होतं.

"काका, रात्री लाईट गेलती का?"

"लाईट कायले जाते? मेन स्विच पाडला. जिनिंग हाय बाई हे. कापसात एक ठिणगी पडली का संपलं. शेवटची गाडी गेली का स्विच पाडतोच आम्ही."

हे निकिताला ठाऊक नव्हतं थोडंच! पण नागपूरच्या ऑफिसात मशीन कधी बंद होत नाहीत, ती सवय नडली. हा डेटाबेस सगळं मेमरीत ठेवतो, म्हणून तर झटपट चालतो. वीज गेली की मेमरी पुसली जाते. नावं डिस्कवर उतरवून ठेवायची सेटिंग असते. चाचणी घेताना तिनं ती बंद केली आणि पुन्हा सुरू करायची राहूनच गेली. सकाळी स्विच वर झाला, कंटेनर आपोआप सुरू झाला, पण रिकामा.

"सारे पुसले गेले, तं तुह्या बाबाचं नाव कसं काय राह्यलं?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"मी टाकलं ते." वामनराव खिडकीशी आले होते. "रात्री इथंच ट्रॅक्टरखाली झोपलतो. सकाळी स्विच वर झाला, टॅबवर पाह्यतो तं सारं कोरं; फाटकावरचा स्क्रीन लागाचाच होता. मले वाटलं, गेला आपला नंबर. म्हणून पुन्हा नाव टाकलं. मले काय मालूम, ते मले एक नंबर देऊन देईन म्हणून!"

खरं तेच सांगितलं माणसानं. पण खरं इतकं सोयीचं निघालं की त्यावर कोण विश्वास ठेवतो? मागून कोणीतरी फिदकन हसलं.

निकितानं सेटिंग सुरू केली. कंटेनर बंद करून पुन्हा चालू केला. नाव जागेवर होतं. "काका, आता स्विच पाडला तरी नावं राहतील."

"आता," विठ्ठलराव म्हणाले. तेवढंच बोलले, पण पोरीला ते लागलं.

जुने नंबर कुठून आणायचे, तो तोडगाही त्यांनीच काढला. काल रांगेत आपल्यापुढे कोण होतं ते प्रत्येकानं सांगायचं. आणि काय सांगावं, सगळ्यांना पाठ होतं! मध्ये कोणी घुसेल म्हणून प्रत्येकजण पुढच्यावर आणि मागच्यावर डोळा ठेवूनच उभा होता ना. एकेक नाव येत गेलं, निकिता टाकत गेली. मैनाबाईचं नाव पडलं. तिच्यामागे वामनराव होते, आणि त्यांच्यापर्यंतच्या गाड्या आज नक्की खाली होणार होत्या.

"बोला वामनराव. समोर मैनाबाई ना?" विठ्ठलरावांनी विचारलं.

वामनरावांनी आत पाहिलं. पोरीचे डोळे भरून आले होते.

"नाही," ते म्हणाले. "मी शेवटी होतो."

"बाबा, खोटं कायले बोलता?"

"अवं, माह्या मांगं वामनभाऊच होते," मैनाबाई म्हणाली. "धनीबाई, सांग नं. तू त्याहिच्या मांगंच होती."

धनीबाई डोक्यावरचा पदर सारखा करत राहिली.

वामनराव खिडकीवर वाकले. "टाक शेवटी. कापसाचं मी पाहून घेईन. तुह्यावर कोणाचं बोट नको, बाई." एवढं तिच्यापुरतं बोलून ते गेलेही. ट्रॅक्टर सुरू झाला आणि फाटकापासून निघून पार मैदानाच्या टोकाला, रोडच्या कडेला जाऊन थांबला. धावत जाऊन त्यांना परत आणावं असं निकिताला फार वाटलं. पण तसं केलं तर लोक काय म्हणतील, या भीतीनं ती जागची हलली नाही, आणि त्या भीतीची तिला भयंकर चीड आली. तिनं मैनाबाईच्या खाली धनीबाईचं नाव टाकलं.

धनीबाईनं स्क्रीनवर आपला नंबर पाहिला. कालच्यापेक्षा एकानं वर सरकला होता. मग दूर उभ्या ट्रॅक्टरकडे हात करून ती मैनाबाईला म्हणाली, "पाह्यलं ना? मनात चोरी नसती, तं हातचा नंबर असा सोडला असता काय कोणी?"