साखरा बोलायला शिकली

धुळाजी अंगणात येऊन उभा राहिला आणि भाकरी थापता थापता रतनबाईचा हात थांबला. तीन वर्षं झाली होती. दुष्काळात मेंढरं जगवायला म्हणून तो नांदूरघाटाहून तेलंगणाकडे गेला, तेव्हा साखरा पोटात होती. मेंढरं वाटेतच मेली. रिकाम्या हाताने घरी यायची लाज वाटली, म्हणून तो तिकडेच राबत राहिला. निरोप तेवढे यायचे.

घरात मायलेकी दोघीच. रतनबाई दिवसभर लेकीशी बोलायची आणि बोलणं फिरून फिरून नवऱ्यावरच यायचं. त्याचं नाव घ्यायची तर सोय नव्हती. निजामाच्या पटवाऱ्याने चावडीवर विचारलं तेव्हाही तिने पदर पुढे ओढला, आणि नाव शेजारच्या चंद्रभागाबाईने सांगितलं. रतनबाईच्या तोंडी आपलं 'त्ये'. दार लावू नको, त्ये येतील. रडू नको, त्ये येतील. हे ती लेकीला सांगायची की स्वतःला, देव जाणे.

पोरगी मात्र कान देऊन ऐकत होती. कुणी न शिकवता तिने सगळं बरोबर जुळवलं. शेळी येते, जाते, विते. पाऊस येतो, थांबतो. 'त्ये' म्हटलं की मात्र पुढे 'येतील', दुसरं काही नाही.

तिला 'बा' म्हणायला तरी शिकव, असं चंद्रभागाबाई कितीदा म्हणाली. रतनबाई हसून टाळायची. पहिली हाक त्यांनीच शिकवावी, समोर बसवून, असं तिच्या मनात होतं. एवढं एक सुख तिने नवऱ्यासाठी राखून ठेवलं होतं.

आता तो समोर होता. दाढी पिकली होती, गाल बसले होते. त्याने खांद्यावरची घोंगडी टाकली, उकिडवा बसला आणि लेकीकडे दोन्ही हात पसरले. रतनबाईला भरून आलं. याच घडीसाठी तर तिने दिवस काढले होते.

"साखरे, बघ," ती म्हणाली. "त्ये आले."

साखराने त्या माणसाकडे नीट बघून घेतलं. मग त्याच्या हातांना वळसा घालून ती उंबऱ्यावर गेली आणि रोजच्यासारखी वाटेकडे तोंड करून बसली.

"ह्ये आले, आये," तिने आईला समजावलं. "त्ये येतील."