शाबूत काच

काच शाबूत आहे एवढं टकळीने दारातूनच पाहिलं आणि बेचाळीस पाहुण्यांना मशिदीत घेतलं.

टकळी हे तिचं घरातलं नाव. तोंड मिटत नाही म्हणून मामांनी ठेवलेलं. त्याच तोंडावर ती आता पोट भरत होती. शहर हजार वर्षांचं. सगळ्या मशिदी बघायच्या म्हटलं तर बघणारा म्हातारा होईल. ती एका सकाळी तीन दाखवायची. ही तिसरी, सगळ्यांत जुनी. इथली झाडलोट मामांकडे होती.

आज पाहुण्यांत आई होती. ‘बडबडीची कसली नोकरी’ असं पंधरा वर्षं म्हणत आलेली आई पहिल्यांदाच लेकीचं बोलणं ऐकायला आली होती. तिच्यासमोर टकळीला एकही शब्द अडखळायला नको होता.

काच म्हणजे बोटभर रुंदीची पट्टी. जिन्याशेजारच्या जाड भिंतीला तडा होता, आणि वरचा सज्जा न् घुमटाचा एक खांदा त्याच भिंतीवर टेकलेला. तीन वर्षांपूर्वी जुन्या इमारतींच्या खात्याचा इंजिनिअर आला. त्याने तड्यावर आडवी काच धरली, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली, वर खिळ्याने तारीख कोरली. टकळीला बाजूला घेऊन म्हणाला, भिंत हलली तर आधी काच फुटेल. फुटकी दिसली की सगळ्यांना बाहेर काढायचं आणि फोन करायचा. मामा तेव्हा प्लास्टरचं घमेलं धरून उभे होते. घमेलं धरणाऱ्याशी साहेब लोक बोलत नसतात. नंतर दर तीन महिन्यांनी साहेब यायचा, बूट काढायचा कंटाळा म्हणून उंबऱ्यावरूनच डोकावायचा आणि कागदावर लिहायचा, काच शाबूत. पगार याचाच मिळतो.

मामांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मशिदीत कस्पट शोधून दाखवा आणि बक्षीस न्या. तीस वर्षं त्यांनी आरशांच्या दुकानात काच कापली होती. डोळे अधू झाले तसे इथे लागले, पण धूळ अजून पहिली त्यांनाच दिसायची. जिन्याचं दार हल्ली चौकटीत अडत होतं. मामांनी त्याला दोनदा रंधा मारला. आज ते लोण्यासारखं उघडलं.

घुमटाखाली फरशीत काळ्या दगडाचा तारा होता आणि वर लांब साखळीला पितळी दिवा. आईने मान वर केली, मग खाली केली.

‘मी फ्रॉक घालून यायचे इथे. तेव्हा हा दिवा बरोब्बर ताऱ्यावर होता. आता चार बोटं सरकलाय.’

टकळीकडे उत्तर तयार होतं. कुठल्याही वाकड्या गोष्टीवर तिचं हेच उत्तर असे. जुने कारागीर मुद्दाम एक चूक सोडायचे, कारण बिनचूक फक्त वरचा. हे ऐकलं की पाहुणे माना डोलवायचे आणि चुकीचाच फोटो काढायचे. आजही काढले. टकळीने वर आणखी पुस्ती जोडली, ‘आणि आई, दिवा नाही, तुझा चष्मा सरकलाय.’ सगळे हसले. आईही हसली. पण दिव्यावरची नजर तिने काढली नाही.

मग सज्ज्याचा जिना. गुडघे कुरकुरत होते तरी आईच सगळ्यांच्या पुढे. वरून तारा कसा दिसतो ते तिला बघायचं होतं. एकेक करत सगळे चढले. डोक्यावर पावलं वाजू लागली. टकळीने शेवटच्या पाहुण्याला वाट दिली आणि तोल सावरायला भिंतीवर हात ठेवला.

बोटांना गार लागलं. हात काढून पाहिला तर बोटं पांढरी. काचेच्या टोकाचं प्लास्टर दमट होतं. त्यावरची तारीख मात्र तीच, तीन वर्षांपूर्वीची.

‘मामा, हे ओलं कसं?’

मामा फडक्याला हात पुसत आले. आपली चोरी नाही, आपलं काम कुणाच्या तरी नजरेस पडलं, असा त्यांचा चेहरा होता.

‘पहाटेच बसवली. प्लास्टर घट्ट झालंय, वाळायचं राहिलंय. हात नको लावूस.’

‘कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘सांगायला कशाला हवं? साहेबाने हौसेने लावलेली काच. पाहुण्यांना फुटकी दाखवू? पहिली फुटली तेव्हा मीच बदलली. तारीखसुद्धा जशीच्या तशी कोरतो. साहेबाला अजून पत्ता नाही.’ ते गालात हसले. ‘पहिल्या वर्षी एकदाच गेली होती. गेल्या महिन्यात चारदा. या आठवड्यात रोज. काचच हलकी येते हल्ली, टकळे.’

टकळीने वर हाक मारायला तोंड उघडलं. पंधरा वर्षं न थांबलेलं ते तोंड.

त्याआधी वरून आईचाच आवाज आला. ‘अगं, ये ना. इथून तर दिवा ताऱ्यापासून आणखीच लांब दिसतोय.’ आणि बेचाळीस जणांची पावलं तो बघायला एकदमच या भिंतीवरच्या कठड्याकडे सरकली.

नख तुटावं तेवढाच आवाज झाला.

मामा वाकले. डोळे बारीक करून त्यांनी पट्टी पाहिली, चुकचुकले आणि काच कापायची हिरकणी काढायला खिशात हात घातला.

‘बघ,’ ते म्हणाले, ‘पुन्हा गेली.’