करंजाच्या पानांचं औषध

"ऑपरेशन कशाला? माझ्या लेकीनंच औषध शोधलंय," आईनं कॅन्सरच्या डॉक्टरांना ऐकवलं आणि पेपरातलं कात्रण पुढे केलं. करंजाच्या पानांच्या अर्कातून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनवणारी तनुजा फोटोत हसत होती.

शेजारी बसलेली तनुजा मात्र रडकुंडीला आली होती. "आई, त्या कणांच्या भुकटीनं काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या, इतकंच. बशीतल्या पेशी फिनेलनंही मरतात."

"मग डॉक्टरेट काय फिनेलची मिळाली तुला? उगाच घाबरतेस. तुझ्या सरांना विचार."

तनुजानं फोन स्पीकरवर लावला. "सर, आईची गाठ वाढतेय आणि ती ऑपरेशनला नाही म्हणतेय. आपली भुकटी औषध नाही, एवढं एकच वाक्य तिला सांगा."

सर खाकरले. आजवरचे सगळे शोधनिबंध त्यांनी एकाच वाक्यानं संपवले होते. दुसरं त्यांना येत नव्हतं. "ताई, संशोधन प्राथमिक टप्प्यावर आहे, परंतु निष्कर्ष अत्यंत आशादायक आहेत."

आईनं मोबाइलला हात जोडले. मग ती डॉक्टरांकडे वळली. "ऐकलंत ना? माझी ऑपरेशनची तारीख दुसऱ्या कुणा गरजूला द्या."