घरचं सरपण

प्रतिमाने टेम्पोतलं एक लाकूड उचललं आणि चंदनच्या पायांशी आपटलं.

"हे वाळलेलं?"

चंदनने लाकडाकडे पाहिलंसुद्धा नाही. हेब्बाळच्या मागच्या गल्लीत त्याची वखार होती, आणि वखारीमागेच घर. मूळचा निपाणीकडचा, या कानडी शहरात मराठी बोलायचा, म्हणूनच प्रतिमाने विश्वासाने त्याच्याकडून गाडीभर सरपण घेतलं होतं. सासूबाईंची हाडं थंडीने ठणकायची. त्यांच्या खोलीत तिने नवी लोखंडी शेगडी बसवून घेतली होती. काल पेटवली, तर लाकडांच्या टोकांतून फसफसून पाणी आलं. खोली धुराने भरली. दम लागलेल्या सासूबाईंना उचलून अंगणात आणावं लागलं. आज ती सगळी लाकडं टेम्पोत घालून ती वखारीवर परत घेऊन आली होती.

"वर्षभर वाळवलंय म्हणालात ना?"

"लाकूड म्हटलं की स्वल्प धूर येतोच, अक्का. सवय होईल."

"कुणाला? त्यांच्या छातीला?"

तो हसला. त्या हसण्याने तिचं डोकंच फिरलं. काही बोलणार, तेवढ्यात त्याच्या खांद्यापलीकडे, मागच्या पडवीत, पत्र्याखाली रचलेली रास तिला दिसली. करडी, भेगाळलेली, खडखडीत वाळलेली लाकडं. शेजारच्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापत होतं. धुराचा मागमूस नव्हता.

"मला ती हवीत."

"ती विकायची नाहीत, अक्का. घरची आहेत."

प्रतिमाने पायाशी पडलेलं ओलं लाकूड उचललं, तडक पडवीत गेली आणि त्याच्या चुलीत खुपसलं.

"अहो अक्का, काय करताय!"

ती चुलीसमोरून हलली नाही. धूर पत्र्याला थडकून घरात वळला. आत कुणीतरी ठसकलं. मग खोकत खोकतच चंदनची आई बाहेर आली, पदराने डोळे पुसत.

"असलं ओलं लाकूड कुणी घातलं रे चुलीत?"

चंदनने प्रतिमाकडे बोट केलं.

"घातलं मी, आजी." प्रतिमा म्हणाली. "विकलं तुमच्या मुलानं."

म्हातारीने दारातल्या टेम्पोकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. ते धुमसतं लाकूड ओढून तिने त्याच्यापुढे टाकलं, आणि राशीतली सुकी लाकडं उचलायला स्वतःच वाकली.

"राहू दे आई, मी देतो..." चंदन धावला.

प्रतिमा टेम्पोत चढली आणि उरलेली ओली लाकडं एकेक करून त्याच्या वखारीच्या दारात फेकू लागली.