पहिली खेप

“आता उतरा, पप्पा,” शॅरन म्हणाली.

याकोब शेजारच्या सीटवर कधीच पट्टा लावून बसले होते. मांडीवर तिचा डबा, डोक्यावर टोपी, जणू लांबच्या लग्नाला निघालेत. शुक्रवारी ती ड्रायव्हिंगची टेस्ट पास झाली होती. आज सोमवार. देवळाली प्रवराहून राहुरीच्या शाळेपर्यंत ती पहिल्यांदाच एकटी गाडी नेणार होती, आणि हे तिने काल जेवताना सर्वांना सांगूनही टाकलं होतं.

साखर कारखान्याच्या ट्रकवर याकोबांनी तीस वर्षं काढली होती. तिला गाडी त्यांनीच शिकवली. शिकवताना ते एकदाही ओरडले नाहीत. फक्त समोर काही आलं की त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा, तिथे नसलेल्या ब्रेकवर. त्या पायाचा तिला फार राग यायचा. वर्गातली साठ पोरं नुसत्या नजरेने गप्प करणारी चौतीस वर्षांची बाई त्या पायाशेजारी पुन्हा सहा वर्षांची व्हायची.

“पहिल्या खेपेला मागं मानूस लागतो,” ते म्हणाले. “कारखान्यात रीतच हाय तशी.”

ती रीत शॅरनला लहानपणापासून पाठ होती. नवा ड्रायव्हर पहिल्यांदा उसाने भरलेली गाडी घेऊन निघाला की जुना ड्रायव्हर आपली गाडी त्याच्या मागे ठेवायचा. हॉर्न द्यायचा नाही, पुढे जायचं नाही. खेप कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचली की काही न बोलता आपल्या वाटेला लागायचं.

“मी काय ऊस भरलाय का?” ती म्हणाली.

तिची आई मरिया दारात उभी होती. ती हसली. सरकारने सही केली तरी याकोबसाहेबांची सही अजून राहिलीय म्हणे, असा तिने टोमणा मारला. याकोबही हसले. पट्टा सोडून उतरले, डबा सीटवर ठेवला, दार हलकेच लावलं आणि बाजूला झाले.

गल्लीच्या तोंडाशी गाडी एकदा बंद पडली. तिने पुन्हा चालू केली. बाजारपेठेतून, पुढे पेरूच्या बागांच्या कडेने ती सावकाश गेली आणि मोठ्या रस्त्याला लागली. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. बराच वेळ ती त्याच्या मागेच राहिली. मग एकदम तिने इंडिकेटर दिला, ट्रॅक्टर ओलांडला आणि गाडी पळवली. चौथा गिअर, मग पाचवा. इतक्या वेगाने ती पूर्वी कधी गेली नव्हती. शाळेच्या फाटकात उतरली तेव्हा ती जिंकल्यासारखी हसत होती.

दुसऱ्या तासाला शेजारच्या भागवतचा फोन आला. याकोब मोटारसायकलवर होते. घाईने तोच ट्रॅक्टर ओलांडायला गेले आणि समोरून टेम्पो आला. दवाखान्यापर्यंतही ते पोचले नाहीत.

त्या वेळी ते त्या रस्त्यावर का होते, हे कुणाला विचारावं लागलं नाही. कारखान्याची माणसं मातीला आली ती हेच बोलत होती की म्हाताऱ्याने शेवटपर्यंत रीत मोडली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला मरिया चहा द्यायची आणि प्रत्येकाला तेच सांगायची, की पोरीला बोल लावू नका, ते मागून येतायत हे तिला ठाऊकच नव्हतं. शॅरन कप उचलून आत न्यायची. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. ती एसटीने शाळेत जाऊ लागली.

महिना झाला, तेव्हा घरी प्रार्थना ठेवली. अंगणात सतरंज्या पसरल्या. गीतं झाली, पाळकसाहेबांचं वचनावरचं बोलणं झालं आणि साक्षी सुरू झाल्या. गेलेल्या माणसाबद्दल कुणीही उठून बोलावं, पण ऐकीव सांगू नये, स्वतः पाहिलेलंच सांगावं, अशी त्यांच्या मंडळीत शिस्त होती.

कारखान्यातला सॅमसन उठला. तो आता स्वतःच म्हातारा झाला होता.

“माज्या पहिल्या खेपेला याकोबदादा मागं हुते,” तो म्हणाला. “अंगाला लई घाम सुटलेला. पन आरशात बघितलं की दादांची गाडी दिसायची. तेवढ्यावर मी काट्यापर्यंत गेल्तो.”

तो खाली बसला. बायका डोळे पुसू लागल्या. मग मरिया उठली. जे महिनाभर घराघरातून आलेल्यांना सांगितलं, तेच तिने देवासमोर सांगितलं. माझी लेक निर्दोष आहे, तिला काही ठाऊक नव्हतं, तिच्या मनावरचं ओझं प्रभूने उतरवावं. सगळ्यांनी हळू आवाजात आमेन म्हटलं. बसताना तिने शॅरनच्या पाठीवर हात ठेवला.

तो हात शॅरनने आपल्या हातात घेतला, क्षणभर धरला आणि आईच्या मांडीवर परत ठेवला. ती उठून उभी राहिली. ती रडेल असं वाटून कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. तो तिने घेतला नाही.

“मलाही पप्पा आरशात दिसले होते,” ती म्हणाली. “म्हणूनच मी गाडी पळवली.”