थोडा आणखी हिरवा

“परत आलं, बाबा. शेवटचंच पान.” लेकीनं चित्र टेबलावर ठेवलं. “प्रकाशक म्हणतात, जंगल थोडं आणखी हिरवं हवं.”

“सहाव्यांदा? उचलली जीभ, लावली टाळ्याला!” लेखकमहाशय चिडले, पण हात ब्रशकडे गेलाच. हे पुस्तक छापलेलं हातात धरायचं आणि मगच डोळे मिटायचे, एवढीच आता त्यांची इच्छा उरली होती.

पाच महिने पोटात अन्न ठरत नव्हतं. केस गळाले, बोटं बधिर झाली. डॉक्टरांनी हात टेकले. नशीब, त्याआधीच लेक नोकरी सोडून मदतीला राहायला आली होती. फोन तीच घ्यायची. रंगही तीच बशीत कालवून द्यायची. बशीजवळ मांजराला फिरकू द्यायची नाही आणि नंतर कोपरापर्यंत हात घासून धुवायची. डाग जात नाहीत, म्हणायची.

ब्रशचं टोक ओठांत धरून ओलं करायचं, अणकुचीदार करायचं, मग कागदावर टेकवायचं, ही लेखकमहाशयांची पन्नास वर्षांची सवय. बायको होती तोवर ओरडायची. लेक मात्र हसायची. “असू दे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.”

चित्रात नेहमीची रडूबाई होती. दोन वेण्या, वाहतं नाक, भोकाड पसरलेलं तोंड. लेक पाच वर्षांची असताना तिची बाहुली हरवली आणि ती अशीच रडली. बाहुली शोधायचं सोडून यांनी कागद पुढे ओढला. पुढच्या अकरा पुस्तकांसाठी बाहुली ते स्वतःच लपवत गेले. नाहीतर तसलं रडणं आणणार कुठून? शाळेत, कॉलेजात, ऑफिसात लेक रडूबाईच राहिली.

“एवढी पोरं तुझ्यावर पोट धरधरून हसली,” ते आताही कौतुकानं म्हणाले. “भाग्य लागतं त्याला!”

“हो ना,” लेक म्हणाली आणि रिकामी बशी घेऊन स्वयंपाकघरात गेली.

तेवढ्यात फोन वाजला. नळ चालू असल्यामुळे आत ऐकू गेलं नसावं. त्यांनीच उचलला. प्रकाशक होते.

“अरे वा, तुम्ही स्वतः! ताई म्हणाल्या होत्या, तुम्हाला बोलवतही नाही. अभिनंदन हं! दुसरी आवृत्तीही संपत आली.”

“कशाची?”

“कशाची काय? जंगलातल्या रडूबाईची! सहा महिने झाले की पुस्तक निघून. प्रती ताईंच्या हातात दिल्या मी.”

“आणि ते शेवटचं पान? हिरवं?”

“त्याला कोण बोट लावणार? पहिल्याच वेळी पसंत पडलं!”

त्यांनी फोन ठेवला. हातातल्या ब्रशकडे पाहिलं. टोक नुकतंच ओलं केलं होतं.

आतला नळ बंद झाला.

“बाबा, ताजा हिरवा कालवलाय,” लेकीचा मायेचा आवाज आला. “आणू ना?”