कोंबड्याचा पाय

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास दवाखान्यातून फोन आला. त्याची बायको एदमे पहाटे गेली होती, झोपेतच. नुमाने "बरं" म्हटलं, फोन ठेवला, कोट चढवला आणि तो ओगुस्तच्या दुकानाकडे निघाला. आदल्या संध्याकाळी तिने त्याला एकच काम सांगितलं होतं. माझं घड्याळ दुरुस्त झालं असेल, तेवढं घेऊन ये.

तीस वर्षं त्याने ल लोक्ल या घड्याळांच्या गावातल्या रस्त्यांवरचा बर्फ लोटला होता. आज बर्फ घोट्यापर्यंत होता, आणि त्याला तो दिसला नाही.

ओगुस्त घड्याळजी खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून बसला होता. वळून न बघताच म्हणाला, "नुमा ना? पाय आपटण्यावरून ओळखलं. बूट बाहेर झटक. इथे एक स्क्रू पाण्यात पडला, तर उन्हाळ्यापर्यंत सापडत नाही."

नुमा बाहेर जाऊन बूट झटकून आला. सांगायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण ओगुस्तचं बोलणं चालूच होतं.

"एदमेला सांग, तिच्या घड्याळातसुद्धा कोंबडा निघाला. तिला दाखवायचं म्हणून उघडं ठेवलंय."

"कसला कोंबडा?"

"बस इथे. हे भिंग लाव."

चिमट्यात नखाएवढी पितळी पट्टी उलटी धरलेली होती. तिच्या पोटाला तीन बारीक ओरखडे, एका टोकाला जुळलेले. बर्फात कोंबडीचा पाय उमटावा तसे.

"चाळीस वर्षं बघतोय," ओगुस्त म्हणाला. "इथल्या घड्याळांच्या कारखान्यात कामगाराने खूण करायची नाही, असा नियम होता. नाव काय ते मालकाचं. तरी कमान बसवणारा कुणी एक पठ्ठ्या इथे, आतल्या बाजूला, पाय उमटवून जायचा. आम्ही घड्याळजी त्याला कोंबडा म्हणतो. कमान म्हणजे केसाएवढी बारीक स्प्रिंग, पण कोंबड्याने बसवलेलीला मी कधी हात लावला नाही. लावावाच लागला नाही. माझा बाप म्हणायचा, हा नक्की दारुडा असणार. एवढा हलका हात शुद्धीतल्या माणसाचा नसतो."

नुमा बराच वेळ बघत राहिला. डोळ्यातून पाणी यायला लागलं तसं त्याने भिंग काढलं, खिशातून रुमाल काढला. पुसता पुसता थांबला. मग तो रुमाल त्याने टेबलावर पसरला आणि एक कोपरा ओगुस्तपुढे सरकवला.

कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके होते, एका टोकाला जुळलेले.

"धुण्याच्या खोलीत शेजाऱ्यांशी अदलाबदल होते म्हणून घालते," नुमा म्हणाला. "चादरींवर, टॉवेलांवर. माझ्या मोज्यांवर पण."

ओगुस्तने रुमाल बघितला. पट्टी बघितली. पुन्हा रुमाल.

"एदमे?"

"सव्वीस वर्षं कमानीच बसवल्या तिने. तुला ठाऊक आहे."

"कमानी बसवायची ते ठाऊक आहे. अशा तिथे चाळीस बायका होत्या." ओगुस्त हसायला लागला. खांदे हलेपर्यंत हसला. "बापाला थडग्यातून उठवून सांगायला पाहिजे. आणि दर रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसते ही बाई, मान खाली घालून. एक अक्षर बोलली नाही. येऊ दे तिला, चांगला जाब विचारतो."

"ती नाही येणार," नुमा म्हणाला. "पहाटे गेली."

हे त्याने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

ओगुस्तने चिमटा खाली ठेवला. मग त्याने पट्टी जागेवर बसवली, झाकण लावलं, चावी दिली आणि घड्याळ मऊ कागदात गुंडाळून नुमाच्या हातात ठेवलं. नुमा उठला नाही.

"अजून आहेत?"

"काय?"

"तिची."

ओगुस्तने खालचा खण ओढला. दुरुस्तीला टाकून लोक परत न्यायला आलेच नाहीत, अशी घड्याळं त्यात पडली होती. एकेक उघडून तो बघत गेला. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. पाचव्याची काच तडकलेली होती, मुलामा उडालेला होता, मिनिटकाटा नव्हताच. त्यातली पट्टी काढून त्याने उलटी केली आणि भिंग नुमाकडे दिलं.

"हे मला दे," नुमा म्हणाला.

"अरे, हे चालत नाही. आणि तू जन्मभर चर्चच्या मनोऱ्यावर वेळ बघणारा माणूस."

"वेळ बघायला नकोय मला."

ओगुस्तने तेही कागदात बांधलं.

"अशी अजून कुणाकडे बघितलीस?" नुमाने विचारलं.

"शाळेच्या मास्तरांकडे होतं एक. लाकूडवाल्या पेरेनूच्या बापाचं होतं. पेरेनू ते सहजी द्यायचा नाही, सांगून ठेवतो. आणि बाहेरदेशी किती गेली, त्याला गणतीच नाही."

"लिहून दे."

"आत्ता?"

"आत्ताच दे."

ओगुस्तने पावतीच्या पाठीमागे नावं लिहिली. सात झाली. आठवं आठवता आठवेना, म्हणून त्याने तिथे नुसता आकडा घालून ठेवला.

नुमा बाहेर आला. तिचं घड्याळ डाव्या खिशात होतं, दुसरं उजव्या खिशात. तो पेरेनूच्या घराकडे वळला.

लोझान शहरात राहणाऱ्या मुलीला त्याने अजून कळवलं नव्हतं.